उच्चार नेटिव्ह की परका, हे कोणाच्या कानाने ठरवायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही गोकुळ शिरगावातल्या एका फाउंड्रीत एक्स्पोर्टचं काम बघता. इंग्लंडच्या ग्राहकाशी झालेल्या कॉलचं रेकॉर्डिंग शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने ऐकलं आणि म्हणाला, "भावा, डोळे मिटून ऐकलं तर गोराच बोलतोय असं वाटतंय." तेच रेकॉर्डिंग बर्मिंगहॅममध्ये वाढलेल्या मावसबहिणीला पाठवलं, तर तिचं उत्तर आलं, "पहिल्याच शब्दाला कळलं, हा भारतातला." मोबाइलवरच्या अ‍ॅपने बऱ्यापैकी गुण दिले. मग खरं कोणाचं? तज्ज्ञ लोक हे ठरवतात कसं, मुळात ते ठरवता येतं का, आणि यात वयाचा किती वाटा असतो? क्लिप सोबत जोडलीत हे फार बरं केलंत, त्यामुळे हवेत बोलावं लागणार नाही.

अ‍ॅपचं नंतर बघू. बहिणीचा निकाल बरोबर आहे. सहकाऱ्यानेही जे ऐकलं तेच प्रामाणिकपणे सांगितलं, पण नेटिव्ह कोण हे ठरवण्याचा कान त्याच्यापाशी नाही. माझ्यापाशीही नाही. मी कोल्हापुरात इंग्रजीचं ध्वनिशास्त्र शिकवते आणि बोलण्याच्या परीक्षांना, नोकरीच्या मुलाखतींना गुण देणाऱ्यांना प्रशिक्षण देते. तिथे पहिल्याच तासाला मी हे सांगते: उच्चार कुठे वेगळा पडतोय ते आपण दाखवू शकतो, मोजूही शकतो, पण 'हा आमच्यातला वाटतो' हा निकाल ज्याचं बालपण त्या भाषेत गेलं त्यानेच द्यायचा असतो.

याचा पडताळा मराठीतच बघा. महाद्वार रोडवर एखादा परप्रांतातून आलेला दुकानदार "चांगली साडी आहे ताई" म्हणाला, तर त्याचं व्याकरण कितीही पक्कं असो, 'चांगली'च्या पहिल्या अक्षरालाच आपल्याला समजतं. आपण तो च जीभ दातांमागे नेऊन म्हणतो, आणि तो 'चार'मधला च लावतो. 'केळी'ची 'केली' झाली की उरलीसुरली शंकाही जाते. लिहिताना दोन्ही च सारखेच, शाळेत हा फरक कोणी समजावून सांगत नाही, तरी पाच वर्षांचं पोर तो चुकत नाही आणि दुसऱ्याने चुकलेला त्याच्या कानातून सुटत नाही. आता त्याच दुकानदाराने आपल्यासमोर बंगालीत दोन वाक्यं म्हटली, तर बोलणारा कोलकात्याचा की पाटण्याचा, हे आपण सांगू शकणार नाही. दोन्ही आपल्या कानाला सारखंच 'अस्सल बंगाली'. तुमच्या सहकाऱ्याचं इंग्रजीबाबत नेमकं हेच झालं.

बहिणीने 'पहिल्याच शब्दाला' म्हटलं ते अतिशयोक्ती समजू नका. जेम्स फ्लेगे या अमेरिकन संशोधकाने १९८४ मध्ये फ्रेंच भाषकांचं इंग्रजी अमेरिकन श्रोत्यांना ऐकवलं. आधी वाक्यं, मग एकेक शब्द, आणि शेवटी 'टू' या शब्दाच्या सुरुवातीचा फक्त ३० मिलिसेकंदांचा तुकडा. म्हणजे स्वर नीट सुरू होण्याआधीचा, ट सुटतानाचा नुसता आवाज. तेवढ्यावरूनही श्रोत्यांनी बोलणारा परका आहे की आपला हे निव्वळ अंदाजापेक्षा चांगलं ओळखलं. पुढे कॅनडातल्या मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग यांनी तर रेकॉर्डिंग उलटं वाजवून ऐकवलं. एकही शब्द कळत नाही, व्याकरण नाही, तरी परका उच्चार बऱ्याच अंशी ओळखू येतो. कान शब्दांच्या अर्थापर्यंत पोहोचण्याआधीच कामाला लागलेला असतो.

त्या ३० मिलिसेकंदांत एवढं काय असतं? आपल्या दृष्टीने ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, म्हणून इथे जरा थांबते.

तोंडासमोर चार बोटांवर कागदाची पातळ पट्टी धरा आणि मराठीत 'पान' म्हणा. पट्टी जेमतेम हलेल. आता इंग्लंडमध्ये वाढलेल्या कोणाचा तरी 'पिन' हा शब्द असाच करून बघायला सांगा. पट्टी फडकन उडते. इंग्रजीत जोर असलेल्या अक्षराच्या सुरुवातीला प, ट, क आले की ओठ किंवा जीभ सुटल्यावर लगेच स्वर येत नाही, मध्ये श्वासाचा एक झोत जातो. मराठीत अल्पप्राण (प, ट, क) आणि महाप्राण (फ, ठ, ख) अशी दोन वेगळी घरं आहेत, त्यामुळे आपण इंग्रजी शब्द शिकताना 'पिन'ला प, 'टेन'ला ट आणि 'की'ला क असं अल्पप्राण घर देऊन टाकलं. ली लिस्कर आणि आर्थर अ‍ॅब्रॅमसन यांनी १९६४ मध्ये ११ भाषांमधली, ओठ किंवा जीभ सुटणं आणि स्वर सुरू होणं यांतली ही फट मोजली, आणि त्या ११ भाषांत मराठी होती. सुटे शब्द म्हणताना इंग्रजी प, ट, क यांत ती सरासरी ५८, ७० आणि ८० मिलिसेकंद भरली. मराठीच्या साध्या प-ट-कमध्ये ती यापेक्षा फारच लहान असते.

परिणाम असा की आपला 'पिन'मधला प इंग्रज कानाला ब-च्या जवळचा लागतो. कारण इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा ब आपल्यासारखा आधीपासून घुमत येत नाही, बऱ्याचदा तो आपल्या अल्पप्राण प-सारखाच सुटतो. तुमच्या क्लिपमध्ये तुम्ही एकदा 'पॅक' म्हणालात आणि समोरच्याने 'बॅक?' असं विचारलं. तुम्ही आवाज चढवून पुन्हा 'पॅक, पॅक' म्हणालात. आवाज मोठा झाला, पण फट तेवढीच राहिली, म्हणून त्याला अंदाजानेच पुढे जावं लागलं. फाउंड्रीच्या धंद्यात 'टाय' आणि 'डाय', 'कोअर' आणि 'गोअर', 'पंप' आणि 'बंप' यांचा असा घोळ महागात पडू शकतो. उपाय साधा आहे: 'की' म्हणताना 'खी'कडे झुका, 'टेन' म्हणताना 'ठेन'कडे. फक्त प-च्या बाबतीत 'फ'कडे जाऊ नका, कारण आपल्याकडे फ म्हणताना बहुतेकांचे दात ओठावर टेकतात आणि 'पिन'चं 'फिन' होतं. तिथे प म्हणून लगेच ह सोडायचा. आणि आधी स आला तर यातलं काहीच करायचं नाही: 'स्पिन', 'स्टील', 'स्कूल' आपण म्हणतो तेच इंग्रजी कानालाही ठीक लागतं.

आता तुमच्या सहकाऱ्याने काय ऐकलं ते सांगते. तुम्ही 'वॉटर'ला 'वॉडर' म्हणता, 'पार्टनर'मधला र जीभ मागे वळवून म्हणता, 'शेड्यूल' न म्हणता 'स्केजूल' म्हणता आणि वेग चांगला आहे. ही सगळी अमेरिकन लक्षणं आहेत आणि सिनेमे, व्हिडिओ बघून ती कानावर पडलेली आहेत. आपल्याकडे 'फॉरेन' वाटण्यासाठी एवढं पुरतं. पण अमेरिकन माणूस त्या र-सोबत प-ट-क झोत सोडून म्हणतो, 'टू', 'ऑफ', 'अँड' हे शब्द जवळजवळ गिळतो, आणि तुम्ही ते पूर्ण, स्पष्ट, प्रत्येकी सारख्या वजनाने म्हणता. काही लक्षणं टेक्ससची, काही करवीर तालुक्यातली. अशी सरमिसळ एकाही नेटिव्ह माणसाच्या तोंडात नसते, म्हणून ती नेटिव्ह कानाला आणखी लवकर खटकते. तुमच्या बहिणीला हेच ऐकू आलं असणार.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. विद्यार्थी माझ्याकडे येतात ते 'चुकीच्या' उच्चारांची यादी घेऊन, आणि त्यातल्या एकेक उच्चाराची त्यांना मनापासून लाज वाटत असते. ती यादी घेऊन ब्रिटन आणि आयर्लंडभर फिरलं तर काय दिसेल? 'थिंक', 'दॅट' यांत आपण दातांवर जीभ टेकवून थ-द म्हणतो. आयर्लंडमध्ये लाखो लोकांचे उच्चार याच्या अगदी जवळचे आहेत. 'डे', 'गो' यांत आपण सरळ ए आणि ओ म्हणतो, आरपीतल्यासारखे (म्हणजे ब्रिटनमधल्या 'प्रमाण' मानलेल्या उच्चारातल्यासारखे) जोडस्वर नाहीत. स्कॉटलंडमध्ये आणि उत्तर इंग्लंडच्या बऱ्याच भागात तसंच म्हणतात. कंप पावणारा किंवा टपकन आपटणारा र स्कॉटलंडला परका नाही. प-ट-कमधला झोतसुद्धा स्कॉटिश आणि लँकाशायरच्या जुन्या बोलण्यात कमी असतो. लंडनमध्ये 'थिंक'चं 'फिंक' करणारे जन्माने इंग्रजच आहेत. ज्याला आरपी म्हणतात, जो डॅनियल जोन्सने १९१७ च्या आपल्या उच्चारकोशात नोंदवला आणि जो आपल्याकडे बी.ए., एम.ए.च्या वर्गात 'इंग्रजीचा उच्चार' म्हणून शिकवला गेला, तो खुद्द ब्रिटनमध्ये अगदी थोड्यांचा आहे. आणि भारतातसुद्धा २०११ च्या जनगणनेत सुमारे २ लाख ६० हजार लोकांनी आपली मातृभाषा इंग्रजी असल्याचं नोंदवलं. त्यांचा उच्चार भारतीय आहे आणि ते इंग्रजीचे नेटिव्ह भाषक आहेत, दोन्ही एकाच वेळी खरं.

म्हणून कुठलंही एकटं लक्षण हा पुरावा नव्हे. कान बघतो ती जुडी: कोणती लक्षणं एकत्र आली आहेत आणि तशी जुडी माझ्या ओळखीच्या कुठल्या गावात सापडते का. ग्लासगोच्या माणसाचं इंग्रजी लंडनकराला समजायला जड गेलं तरी तो त्याला परदेशी म्हणत नाही, कारण ती जुडी त्याच्या ओळखीची असते.

प-ट-क हे झालं एका अक्षरापुरतं. बोलणं थोडं लांबलं की त्याहून मोठी खूण पुढे येते, ती म्हणजे शब्दातला जोर आणि त्यामुळे दबणारे स्वर. आपण इंग्रजी शब्द बहुतेक वेळा आधी डोळ्यांनी शिकलो, कानाने नंतर. म्हणून 'सरफेस फिनिश' म्हणताना आपल्याला 'फेस' दिसतो आणि आपण तो म्हणतो. इंग्रजी तोंडात तिथे 'सर्फिस' एवढंच येतं. 'डॅमेज' त्यांच्याकडे 'डॅमिज', 'परचेस' त्यांच्याकडे 'पर्चिस', 'सर्टिफिकेट'च्या शेवटी 'केट' नसून जेमतेम 'किट'. आणि 'कॉम्पोनंट' हा तर आपल्या औद्योगिक वसाहतीत दिवसभर बोलला जाणारा शब्द. आपण 'कॉम्' ठसठशीत म्हणतो, ते पहिलं अक्षर गिळतात आणि सगळा जोर 'पो'वर टाकतात. स्वर चुकला तर नेटिव्ह माणूस सावरून घेतो, पण जोर चुकीच्या अक्षरावर गेला की तो शब्दच वेगळा शोधायला लागतो. आर. के. बन्सल यांनी हैदराबादच्या इंग्रजी संस्थेत काम करताना भारतीय इंग्रजी बाहेरच्यांना कितपत कळतं याचा अभ्यास केला, तो १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही शब्दातल्या जोराची चुकलेली जागा हे न कळण्याचं एक ठळक कारण म्हणून पुढे आलं. स्वर दाबणं आपल्याला जमत नाही असं मात्र नाही. 'काय करायला लागलायस' याचं 'काय करालायस' आपणच करतो आणि कुणाला शिकवावं लागत नाही. इंग्रजीत ते होत नाही कारण समोर स्पेलिंग उभं असतं.

त्याच्याही पुढे आवाजाचा चढउतार आहे. यावर आपल्याकडे सगळ्यात कमी शिकवलं जातं, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त शिकवायला हवं. मराठीत भर कशावर आहे हे सांगायला आपल्यापाशी छोटे छोटे शब्द आहेत. 'मीच सांगितलं', 'मी सांगितलं तर', 'मी सांगितलं की', 'मी सांगितलं ना', 'मी पण सांगितलं'. शिवाय शब्द हवे तसे हलवता येतात: 'सांगितलं मी त्याला', 'त्याला मी सांगितलं'. इंग्रजीत च नाही, की नाही, आणि शब्दांचा क्रम बराचसा बांधलेला आहे. मग ते सगळं काम आवाजावर येतं. 'आय टोल्ड हिम' या तीन शब्दांत 'आय'वर आवाज चढून खाली आला तर अर्थ 'मीच सांगितलं', 'टोल्ड'वर आला तर 'सांगितलं होतं की त्याला', आणि 'हिम'वर आला तर 'त्यालाच सांगितलं'. आपण तिन्ही अर्थांसाठी तिन्ही शब्द सारख्याच वजनाने म्हणतो, आणि मनात मात्र च किंवा की ऐकू येत असतो. समोरच्याला तो ऐकू येत नाही.

तुमच्या क्लिपमधलीच जागा घ्या. ग्राहक विचारतो, सॅम्पल शुक्रवारी तयार होतील का? तुम्ही उत्तर देता, 'सॅम्पल्स विल बी रेडी ऑन मंडे'. व्याकरणात खोट नाही. पण 'सॅम्पल्स', 'रेडी' आणि 'मंडे' तिन्हींना सारखा ठोका पडला. इंग्रजी ऐकणाऱ्याच्या हिशेबी 'सॅम्पल्स' आणि 'रेडी' हे त्यानेच आधी बोललेले शब्द, ते खाली दबायला हवे होते, आणि उडी फक्त 'मंडे'वर हवी होती, कारण नवी गोष्ट तेवढीच. त्याने 'मंडे?' असं परत विचारलं, आणि तुम्ही मला लिहिलंत की लाइन खराब होती. लाइन चांगली होती. त्याला बातमी कोणत्या शब्दात आहे ते सापडलं नाही.

आपल्या भागाच्या म्हणून काही खुणा आहेत, त्या पटकन सांगते. शब्दाच्या सुरुवातीच्या ए-मागे य आणि ओ-मागे व लावणं: 'यमायडीसी', 'यस्टी', 'वन्ली'. हे कोल्हापूर, निपाणी, गडहिंग्लज या पट्ट्यात खूप ऐकू येतं, आणि कन्नडच्या शेजाराशी त्याचा संबंध लावला जातो. तुमच्या क्लिपमध्ये ते नाही. व्ह मात्र आहे. मराठी माणूस इंग्रजीतला दातांचा व लिहितो 'व्ह' आणि म्हणतोही ह मिसळून. 'व्हॉल्व्ह' हा शब्द तुमच्या कामात सतत येतो आणि त्यात तो दोनदा आहे. वरचे दात खालच्या ओठावर हलके टेकवा, आवाज घुमू द्या, ह सोडू नका. उलट 'वॉटर', 'वीक', 'वर्क' यांत दात ओठाला लागूच द्यायचे नाहीत, ओठ फक्त गोल करायचे. 'वेस्ट' दिशा आणि 'व्हेस्ट' कपडा यांतला फरक आपण लिहिताना पाळतो आणि बोलताना बहुधा विसरतो.

आता तज्ज्ञ निकाल कसा लावतात ते. एका माणसाने एकदा ऐकून दिलेलं मत हे मूल्यमापन होत नाही. नीट करायचं तर बोलणाऱ्यांना एकच उतारा वाचायला देतात आणि शिवाय मोकळं बोलायला लावतात, कारण वाचताना माणूस सावध असतो आणि मोकळं बोलताना ढब उघडी पडते. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाचा स्पीच अ‍ॅक्सेंट आर्काइव्ह इंटरनेटवर सगळ्यांना खुला आहे. स्टेला नावाच्या बाईला बाजारहाट सांगणारा ६९ शब्दांचा एकच उतारा जगभरच्या लोकांनी त्यात वाचलेला आहे, मराठी भाषकांनीही. एक संध्याकाळ काढून तो जरूर ऐका. आधी मराठी, मग स्कॉटिश, मग आयरिश, मग अमेरिकन असा क्रम ठेवा, वर लिहिलेली जुडी कानाने पकडता येईल.

मग आवाजाची पातळी सारखी करून, नावं काढून टाकून, क्रम उलटसुलट करून ती रेकॉर्डिंग अनेक श्रोत्यांना देतात. त्यांत काही खरोखर नेटिव्ह भाषकांची रेकॉर्डिंग न सांगता मिसळलेली असतात. ही पायरी गाळली तर बाकी सगळं वाया जातं, कारण 'परका ओळखा' असं सांगितलेला श्रोता प्रत्येकात परकेपणा शोधत बसतो. श्रोते बऱ्याचदा १ ते ९ अशा मोजपट्टीवर खूण करतात. शेवटी बघायचं ते हे की एखाद्याचे गुण त्या मिसळलेल्या नेटिव्ह लोकांच्या पट्ट्यात बसतात का. बसणारे असतात. नेदरलँड्समध्ये थिओ बोंगार्ट्स आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये शाळकरी वयानंतर इंग्रजीत मुरलेल्या, फार वरच्या पातळीच्या डच लोकांवर असा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि त्यातल्या काहींना इंग्रज श्रोते नेटिव्ह लोकांतून वेगळं काढू शकले नाहीत. ते विरळा असतात, प्रचंड सरावाने आणि ध्वनींच्या थेट प्रशिक्षणाने तिथे पोहोचलेले असतात, पण असतात.

नावं का काढायची, यावर थोडं सविस्तर सांगते, कारण इथे माणसांचं नुकसान होतं. डोनाल्ड रुबिन यांनी १९९२ मध्ये अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना एक ध्वनिमुद्रित व्याख्यान ऐकवलं. आवाज एकाच अमेरिकन बाईचा. ऐकताना काहींसमोर गोऱ्या बाईचा फोटो होता, काहींसमोर आशियाई चेहऱ्याचा. आशियाई फोटो बघणाऱ्यांना उच्चार जास्त परका वाटला, आणि त्यांना व्याख्यान कळलंही कमी. आवाजात कणभर फरक नव्हता. आपल्याकडे हेच दुसऱ्या वेशात चालतं. उमेदवाराच्या अर्जावर ताराबाई पार्कातली इंग्रजी शाळा दिसली की मुलाखत घेणाऱ्याला त्याचं इंग्रजी 'फ्लुएंट' ऐकू येतं, आणि राधानगरीच्या आतल्या गावातली जिल्हा परिषदेची शाळा दिसली की त्याच तोडीचं इंग्रजी 'गावठी' ऐकू येतं. मी प्रशिक्षण देते तिथे अर्ज बाजूला ठेवून, आधी फक्त आवाज ऐकून गुण लिहायचे आणि मग अर्ज उघडायचा, हा नियम मी मोडू देत नाही.

आता तुमच्या नोकरीच्या दृष्टीने खरी महत्त्वाची गोष्ट. मन्रो आणि डर्विंग यांनी १९९५ मध्ये तीन गोष्टी वेगळ्या करून मोजल्या: उच्चार किती परका वाटतो, ऐकताना किती कष्ट पडतात, आणि प्रत्यक्षात किती शब्द बरोबर कळले. बोलणारे चिनी मातृभाषेचे, श्रोते इंग्रजीचे नेटिव्ह. बऱ्याच वाक्यांना श्रोत्यांनी 'उच्चार फार परका' असे गुण दिले, आणि तीच वाक्यं त्यांनी शब्दन् शब्द बरोबर लिहून काढली. म्हणजे परकं वाटणं आणि न कळणं यांचा संबंध लोक समजतात तेवढा घट्ट नाही. बहिणीने तुम्हाला यातल्या पहिल्या गोष्टीचं उत्तर दिलं. तुमच्या ग्राहकाला दुसऱ्या आणि तिसऱ्याशी मतलब आहे.

परीक्षाही आता याच बाजूला आल्या आहेत. परदेशी जाणाऱ्यांच्या आयईएलटीएस या इंग्रजी परीक्षेच्या बोलण्याच्या भागात उच्चाराला चारांपैकी एका निकषाची जागा आहे, पण गुण जातात ते समजायला अडथळा आला तर. भारतीय ढब ऐकू आली म्हणून नव्हे. भाषा किती येते याचे स्तर ठरवणाऱ्या युरोपच्या सामायिक भाषा-चौकटीत २०१८ मध्ये उच्चाराची मोजपट्टी नव्याने लिहिली, तेव्हा नेटिव्हसारखं बोलण्याऐवजी समजेल असं बोलणं हाच तिचा पाया केला. परदेशी जाणाऱ्या नर्स मुली माझ्याकडे 'अ‍ॅक्सेंट घालवा' म्हणून येतात, त्यांना मी आधी हे वाचून दाखवते. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण तिथेच अर्धा कमी होतो.

वयाचं विचारलं आहेत. लहानपणी दुसऱ्या देशात गेलेल्यांचा उच्चार मोठेपणी गेलेल्यांपेक्षा सरासरीने कमी परका राहतो, हे फ्लेगे यांच्या इटालियन आणि कोरियन स्थलांतरितांवरच्या कामात स्पष्ट दिसतं. अमुक वर्षी दार बंद झालं असा एकच ठळक बिंदू मात्र त्यात दिसत नाही, उतार हळूहळू असतो, आणि घरी मातृभाषा किती बोलली जाते याचाही परिणाम होतो. पण हे सगळं त्या भाषेच्या देशात राहणाऱ्यांबद्दल आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आली म्हणून पोरं इंग्रजांसारखी बोलतील अशी अपेक्षा काही पालक धरतात. मूल ज्यांच्या तोंडून ऐकतं त्यांच्यासारखं बोलतं. कोल्हापूरच्या बाईंकडून शिकलेलं मूल कोल्हापूरचं इंग्रजी बोलणार, आणि ते स्पष्ट असेल तर मला त्यात काही वावगं दिसत नाही.

अ‍ॅपबद्दल एवढंच: ते तुमचा आवाज त्याला शिकवलेल्या आवाजांशी ताडून बघतं. कुठले आवाज शिकवले, मायक्रोफोन कसा होता, मागे फाउंड्रीचा गोंगाट होता का, यावर आकडा हलतो. ठरलेलं वाक्य वाचलं तर अ‍ॅपला शब्द आधीच माहीत असतात, खऱ्या ग्राहकाला नसतात. 'पॅक' आणि 'बॅक'सारख्या जोड्या म्हणून बघायला ते चांगलं आहे. नेटिव्ह आहे की नाही याचा दाखला म्हणून त्याचा आकडा धरू नका.

तुम्ही काय करावं? ट आणि ड जरा मागे, टाळूकडे लागतात, ते तसेच राहू द्या. त्यावरून भारतीय आहात हे कळेल आणि कामाचं काही बिघडणार नाही. थ-दही राहू द्या. 'वॉडर' आणि 'स्केजूल' सोडून दिलंत तर बरं, इंग्लंडच्या ग्राहकासाठी ते ना इकडचं ना तिकडचं होतं. वेळ द्यायचा तो चार ठिकाणी. शब्दाच्या सुरुवातीच्या प-ट-कमधला झोत, वर सांगितला तसा. व आणि व्ह. कामातल्या पन्नासेक शब्दांचा जोर, ते शब्द उच्चार ऐकवणाऱ्या कोशात एकेक ऐकून वहीत जोराच्या अक्षराखाली रेघ मारा. आणि वाक्यातली नवी गोष्ट ज्या शब्दात आहे तिथेच आवाज उचलणं.

दोन जागी विशेष जपा, कारण तिथे पैशाचा प्रश्न येतो. 'थर्टीन' आणि 'थर्टी', 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी': आपण दोन्हींत पहिल्या अक्षरावर जोर देतो आणि शेवटचा न फोनवर हरवतो. 'टीन'वर जोर टाका आणि ते लांबवा. 'थर्टी'त पहिल्यावर टाका आणि शेवट आखूड ठेवा. तरी प्रत्येक मोठा आकडा 'वन-थ्री' किंवा 'थ्री-झीरो' असा अंक सुटे करून परत सांगायची सवय ठेवा, जन्माने इंग्रज असलेले लोकही फोनवर हेच करतात. दुसरी जागा 'कॅन' आणि 'कान्ट'. इंग्रजी तोंडात होकारार्थी 'कॅन' इतका दबतो की 'क्न' एवढाच उरतो, आणि जोर पुढच्या क्रियापदावर जातो. आपण 'वुई कॅन सप्लाय'मधला 'कॅन' पूर्ण आणि ठासून म्हणतो. अमेरिकन 'कॅन्ट'मधला ट बऱ्याचदा तोंडातच राहतो, त्यामुळे तुमचा ठासलेला होकार अमेरिकन ग्राहकाला नकार वाटू शकतो. 'कॅन' दाबा, 'सप्लाय'वर या. नकार द्यायचा असेल तेव्हा 'कॅनॉट' म्हणा, शंकेला जागाच राहत नाही.

पुढच्या वेळी बहिणीला क्लिप पाठवाल तेव्हा प्रश्न बदला. अर्ध्या मिनिटाचा, आकडे आणि तारखा असलेला भाग निवडा, तीच वाक्यं तिच्या दोन मैत्रिणींकडूनही वदवून घ्या, आणि सगळ्या क्लिप तिच्या ओळखीच्या पण तुम्हाला न ओळखणाऱ्या एखाद्या इंग्रज माणसाला ऐकवायला सांगा. त्याने आधी ऐकलेलं शब्दशः लिहून काढायचं, मग ऐकताना किती त्रास झाला ते सांगायचं, आणि परकं वाटलं का हे सगळ्यात शेवटी. त्याने लिहिलेला कागद मला पाठवा. कुठला शब्द चुकीचा लिहिला गेलाय ते बघून पुढच्या महिन्याचा सराव आपण ठरवू.